फणसाच्या फळीची खुर्ची

बाबांनी पाणी पिणं कमी केलंय हे आधी माझ्या लक्षात आलं, मग आत्याच्या. सकाळी त्यांच्या उशाशी ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला असायचा. पेजेचे दोन घोट घेऊन ते वाटी बाजूला सारायचे. डॉक्टर येऊन गेले, जीभ बघितली, त्वचा चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, पाणी पोटात गेलं नाही तर औषधाचा उपयोग नाही. बाबांनी मान हलवली. तांब्या भरलेलाच राहिला.

कारण आम्हा दोघींना ठाऊक होतं. त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. आमचा पायखाना घरापासून दूर, माडांच्या पलीकडे, कुंपणाला लागून. शेजारचे दोन तरुण सकाळी येत, बाबांना दोन्ही बाजूंनी उचलून तिथवर नेत आणि पाठ करून बाहेर उभे राहत. मुंबईच्या गोदीत हेडक्लार्क म्हणून आयुष्य काढलेला माणूस. घरातसुद्धा सदऱ्याचं वरचं बटण लावून बसणारा. त्यांनी त्यावर स्वतःपुरता उपाय काढला. पोटात काही गेलं नाही तर बाहेर जावं लागणार नाही.

मी तेव्हा नुकतीच बेळगावहून शाळा संपवून मालवणला परत आले होते. आई मी लहान असतानाच गेली, म्हणून बाबांनी मला तिथल्या इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात ठेवलं होतं. त्यामुळे आमच्यात फारसं बोलणं कधी झालंच नव्हतं. सुट्टीत आले की ते विचारायचे, अभ्यास कसा चालू आहे, आणि मी म्हणायचे, बरा. आजारपणातही ते तेच विचारायचे. आता अभ्यास नव्हता, तरीही मी बरा असंच म्हणायचे.

बोर्डिंगच्या आजाऱ्यांच्या खोलीत एक खुर्ची होती. हात असलेली, बैठकीला गोल भोक, खाली चिनी मातीचं भांडं, वर झाकणासारखी फळी. फळी टाकली की साधी खुर्ची. तशी एक खाटेला लागून ठेवली तर बाबा डाव्या हाताने तिचा हात धरून स्वतःच सरकू शकतील, असं मला वाटलं. मी ते आत्याला सांगितलं. आत्या बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली होती आणि घर तिच्याच हातात होतं.

"सुताराक सांगलंस तर सांजेक बंदरार कळतला," ती म्हणाली. "तो हयच खळ्यात बसान करतलो, चाय पितलो, आणि येतल्या-जातल्याक सांगतलो कोणाक व्हयी ती."

"मी करीन."

तिने माझ्या हातांकडे बघितलं. हसली नाही. "तू सुई तरी नीट धरतंस काय गो?"

मालवणच्या बाजारात मी करवत विकत घेतली असती तर सुताराला सांगण्यात आणि त्यात काही फरक उरला नसता. म्हणून एसटीने सावंतवाडीला गेले. तिथे लाकडी खेळणी करणारे बरेच, त्यामुळे हत्यारांच्या दुकानात गर्दी कुणाला नवी नव्हती. पण त्या गर्दीत बाई मी एकटीच. दुकानदार जाडजूड, गळ्यात टॉवेल.

"करवत कोणाक व्हयी?"

"भावाला." मला भाऊ नव्हता.

"मगे भाव खंय आसा?"

"घरी."

"बरो भाव! भैणीक करवतीक धाडता आणि आपण घरात बसता." बाकीची गिऱ्हाइकं हसली. त्याने एक करवत काढून माझ्या हातात दिली. "वाकवन बघ. करवत आणि जावय, दोगांकय आधी वाकवन बघूचे. सोडल्यार सरळ झाले तर घेवचे."

मी सगळ्यांसमोर ती वाकवली आणि सोडली. पातं थरथरलं आणि सरळ झालं, पण डोळ्यासमोर धरून बघितलं तर टोकाशी किंचित वळलेलं दिसलं. मी ती खाली ठेवली आणि दुसरी मागितली. त्याने टॉवेलने तोंड पुसलं आणि पुढे थट्टा केली नाही. बारीक दात्यांची एक करवत घेतली, भोकं पाडायचं गिरमिट, भोकातून आत शिरेल अशी अरुंद पात्याची टोकदार करवत, एक पटाशी, एक लहान रंधा, कानस आणि काचकागद. खिळे तो लोखंडी देत होता. ते मी नाकारले. आमच्या खाटेचे, दाराचे, सगळे खिळे खाऱ्या हवेने फुगून लाकडावर तांबडे ओघळ आलेले मी रोज बघत होते. ही खुर्ची तर रोज धुवावी लागणार होती. मी पितळी स्क्रू घेतले.

लाकडाचं मात्र मी त्याचंच ऐकलं. आंब्याच्या फळ्या घे, तो म्हणाला, हलक्या असतात, शिकाऊ हाताला कापायला सोप्या. शेजारच्या वखारीतून त्या बांधून घेतल्या. कंडक्टरने एसटीच्या टपावर टाकताना विचारलं, "शाळेचा बाक काय?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मागच्या पडवीत मी पहिली फळी कापायला घेतली. करवत आधी इकडेतिकडे उडाली, मग रेघ धरू लागली. आत्या विहिरीवरून कळशी घेऊन आली आणि दारातच थांबली.

"ह्या खंयचा लाकूड?"

"आंब्याचं. हलकं आहे."

तिने कळशी खाली ठेवली. "आंब्याचा? तेका जितो आसताना आंब्यार बसवतलंस?"

मला काही कळेना. आंब्याचं लाकूड चितेला लागतं हे मी ऐकून होते. म्हणून जिवंत माणसाच्या, त्यातही आजारी माणसाच्या अंगाखाली ते चालत नाही, त्याची खाट करत नाहीत, त्याला बसायलाही देत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"एवडा शिकवल्यान तेणी," आत्याचा आवाज चढला, "आणि ह्या शिकवूक नाय? सगळी वाडी म्हणतली, चेडवान बापाशीची तयारी केल्यान."

पडवीच्या भिंतीपलीकडे बाबांची खोली. मधली भिंत छपरापर्यंत गेलेली नव्हती. मी आतापर्यंत बाबांना खुर्चीबद्दल एक शब्द बोलले नव्हते. करवतीचा आवाज त्यांना ऐकू जात होता, आणि त्यांनीही काही विचारलं नव्हतं.

आतून हाक आली. वाऱ्यानंतर त्यांचे शब्द जड झाले होते, एकेक शब्द ओढून आणल्यासारखा.

"बाय."

आत्या आत गेली. मी उंबऱ्यावर उभी राहिले. बाबा भिंतीकडे बघत होते.

"माळ्यावरच्यो फळयो काड."

माळ्यावर फणसाच्या फळ्या होत्या. आमच्याच परड्यातलं झाड वादळात पडलं तेव्हा बाबांनी मुंबईहून सांगून त्या कापून घेतल्या होत्या, नवा देव्हारा करायचा म्हणून. फणसाचं लाकूड म्हणजे देवाचं. पाट त्याचा, देव्हारा त्याचा.

"त्यो देवाच्यो आसत रे," आत्या म्हणाली. "आणि ह्या कामाक? काय बोलतंस?"

"देव बसलोसा जुन्या देव्हाऱ्यात," बाबा म्हणाले. श्वास घ्यायला थांबले. "माका बसाक खंय जागा आसा?"

आत्याने पदर खोचून शिडी लावली आणि फळ्या खाली दिल्या. मग त्या भिंतीला टेकवून एकेक निरखली. दोन रुंद, गाठ नसलेल्या फळ्या तिने बाजूला काढल्या. "ह्यो देवाक," ती म्हणाली. उरलेल्यांपैकी एकीला हात लावून तो कपाळाला नेला. मग मला म्हणाली, "काप आता."

आंब्याच्या फळ्या तिने त्याच दिवशी घराबाहेर, गोठ्यामागे नेऊन टाकल्या.

फणस कापायला आंब्याइतका सोपा नव्हता, पण वर्षानुवर्षं माळ्यावर वाळलेला होता आणि करवत त्यात सरळ चालत होती. भुसा हळदीसारखा पिवळा पडायचा. फळीच्या कडेचा फिकट भाग मी काढून टाकला, कारण माळ्यावर किड्यांनी तेवढाच पोखरला होता, आतला पिवळा शाबूत होता. बैठकीच्या भोकासाठी ताटलीभोवती पेन्सिल फिरवली, रेघेवर गिरमिटाने एकाला लागून एक भोकं पाडली आणि टोकदार करवतीने ती जोडली. आतली कड कुत्र्याने कुरतडल्यासारखी झाली. ती कानसून, मग काचकागदाने घासण्यात सर्वांत जास्त वेळ गेला. बाबांची कातडी कागदासारखी झाली होती. बोटाला लागेल असं काही राहिलं नाही ना, हे बघायला मी कोपराची आतली बाजू, मनगटाची आतली बाजू कडेवरून फिरवून बघायचे. गाल लावून बघायची मला लाज वाटली, आणि कुणी बघत नव्हतं तरी वाटली.

ठोकाठोक ऐकून शेजारची काकी कुंपणाशी आली. "काय गो चल्ला ता रोज?"

"कोंबड्यांक खुराडा," आत्याने मी तोंड उघडायच्या आत सांगितलं.

"एवडा घासून-पुसून? कोंबडी काय गोव्यासून येतली?"

"पाय नाजूक आसत तिचे," आत्या म्हणाली आणि आत निघून गेली.

खुर्चीचे पाय सारखे झाले नाहीत. एकाखाली चकती ठोकावी लागली. पण हात भक्कम होते. आत्या त्यांच्यावर पूर्ण भार टाकून, दात-ओठ खाऊन हलली, तरी ते हलले नाहीत. आम्ही खुर्ची खाटेला लावून ठेवली आणि वर फळी टाकली. बाबा डोळे मिटून होते.

तो दिवस तसाच गेला. रात्री आत्या मला म्हणाली, "तू हय आसस म्हणान तो बसणा नाय. चेडवान भांडा उचलूचा, ह्या तेका सोसणा नाय. माका काय? माज्या मांडयेर वाडलो तो. तेचा सगळा केललाच आसा मी." मग थोड्या वेळाने, "फाटफटी तू बावीर जाय. हाक मारी सर येव नको."

तेव्हापासून रोज सकाळी मी विहिरीवर जाऊन उभी राहायचे. पाऊस सुरू झाल्यावर छत्री घेऊन. शेजारच्या तरुणांना आत्याने सांगून टाकलं, आता येऊ नका. बाबा पाणी पिऊ लागले. पेज पूर्ण संपू लागली. पण पाणी ते आत्याकडे मागायचे. मी समोर बसलेली असले तरी ती स्वयंपाकघरातून येईपर्यंत थांबायचे. त्या खुर्चीकडे, मी खोलीत असताना, त्यांनी कधी बघितलं नाही. मीही बघत नसे. अभ्यासाचं तेवढं ते विचारेनासे झाले.

श्रावणात आत्याला ताप भरला. ती आपल्या खोलीत कुडकुडत पडली होती. सकाळपासून बाबांनी पाण्याला हात लावला नव्हता. दुपारी मी तांब्या भरून खाटेजवळ ठेवला, त्यावरचं झाकण काढून ठेवलं आणि छत्री घेऊन बाहेर पडले. विहिरीच्या काठावर उभी राहिले. पाऊस माडांवरून एका लयीत पडत होता. हाक मारणारं कुणी नव्हतं, तेव्हा किती थांबायचं ते माझं मलाच ठरवायचं होतं. पाय गारठेपर्यंत थांबले.

परत आले तेव्हा तांब्या रिकामा होता. खुर्चीवर फळी होती, पण तिरकी बसलेली. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. श्वास राखून घेतल्यासारखा होता; झोपलेल्या माणसाचा श्वास तसा नसतो, हे मला बोर्डिंगच्या रात्रींपासून ठाऊक होतं. मी पावलांचा आवाज न करता खुर्चीखालचं भांडं काढलं, पदराखाली धरून मागच्या दाराने नेलं, धुतलं, परत आणून ठेवलं. फळी सरळ केली. तांब्या भरला. त्यांनी डोळे उघडले नाहीत, आणि ते झोपलेत असं मला वाटतंय, असंच मी शेवटपर्यंत वागले.