मुलींच्या वर्गाचे मेंबर

मत मागायला आलेला माणूस ओसरीवर टेकण्याआधी घरातल्या मुलीला बाहेर बोलावतो, हे आमच्या गावाने दौलतरावांच्या आधी पाहिलं नव्हतं. पानसुपारी पुढे आली की ती हाताने बाजूला सारायचे आणि विचारायचे, "पोरगी कुठी हाय?" ती दाराआडून येऊन उभी राहिली की अंगणातल्या मातीकडे बोट दाखवून म्हणायचे, "तुवं नाव लिही इथी." तिला लिहिता येत नसे. मग ते मुलीकडे नाही, तिच्या बापाकडे बघत राहायचे. माणूस मतं मागायला येतो की भांडायला, असं लोक मागून म्हणत.

आमचं गाव केनवडच्या बाजूचं. इंग्रजांच्या अमलातले दिवस; तालुक्याच्या लोकल बोर्डाचं मत होतं ते शेतसारा भरणाऱ्या पुरुषांना. ज्यांच्यासाठी हा माणूस उभा राही, त्या मुलींना मत नव्हतं आणि त्यांच्या आयांनाही नव्हतं. पहिल्या खेपेला दौलतराव निवडून आले ते मुलांच्या शाळेमुळे. देवळात भरणारी शाळा पावसाळ्यात गळायची, तिला वेगळी पक्की इमारत आणीन म्हणाले आणि आणली. गाव खूश झालं. गावाचा असा समज झाला की आता मेंबरचं काम संपलं.

त्यांनी लगेच बोर्डात मुलींच्या वर्गाची मागणी केली. बाकीचे मेंबर हसले म्हणे. रस्त्याचं बोला, विहिरीचं बोला, असं त्यांना सुचवलं गेलं. दर सभेत ते उठून तेच बोलत राहिले. शेवटी कंटाळून बोर्डाने मंजुरी दिली, पण शिकवायला बाई तुम्हीच शोधा, अशी अट घातली. मिळणार नाही अशी सगळ्यांची खात्री होती. दौलतराव कारंज्याला गेले आणि कृष्णाबाईंना घेऊन आले. त्या विधवा होत्या, अमरावतीला शिकलेल्या होत्या. वर्ग दौलतरावांच्याच पडवीत भरू लागला आणि त्या वर्गात मी होते.

दौलतराव गोड माणूस नव्हते. कोणी मुलगी दोन दिवस आली नाही की तिच्या दारात जाऊन उभे राहत, आणि कारण ऐकून घेत नसत. वेचणीच्या दिवसांत माझ्या मैत्रिणीला तिच्या बापाने शेतात नेलं, तर हे थेट धुऱ्यावर, शेताच्या बांधावर गेले. "कापूस वेचाले हिचे बोटं चालतेत, मंग लिवाले काहून नाही चालत?" असं चार मजुरांसमोर विचारलं. त्या बापाने तो अपमान शेवटपर्यंत धरून ठेवला. स्वतःच्या घरात मात्र त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांची बायको, आमच्या सगळ्यांची काकी, पडवीच्या कोपऱ्यात डाळ निवडत बसायची आणि आमच्याबरोबर अक्षरं शिकायची. ती वाचू लागली हे दौलतरावांना फार उशिरा कळलं. "मले कधी इचारलं तुमी?" एवढंच ती त्यांना म्हणाली. ते खाली मान घालून बसून राहिले, हे मी पाहिलं आहे.

दुसरी निवडणूक आली. समोर सखारामजी पाटील उभे राहिले. त्यांनी ना रस्त्याचं नाव काढलं, ना शाळेचं. त्यांनी फक्त कृष्णाबाईंचं नाव काढलं. विधवा बाई, एकटी राहते, रोज मेंबरच्या पडवीत जाते. एवढंच बोलायचं आणि थांबायचं; पुढचं मग गावच बोलायचं.

मतदानाच्या थोडं आधी दौलतरावांची माणसं आमच्या ओसरीवर जमली. माझे वडील त्यांत होते. बाईला महिनाभर कारंज्याला पाठवा, निवडून आलात की परत आणा, असं सगळ्यांनी समजावलं. मी दारामागे उभी होते. दौलतराव म्हणाले, "आज तिले धाडलं, त गाव जे बोलून राह्यलं ते मीच खरं केलं. मंग कोन्या तोंडानं वापस आनू तिले?"

एकेक जण उठून गेला.

मतदानाच्या दिवशी वडील पाटलांच्या दमणीतून, त्यांनी धाडलेल्या बैलगाडीतून गेले. वडिलांना लिहिता येत नव्हतं. अशा माणसाने उमेदवाराचं नाव तोंडी सांगायचं असे. दौलतराव तिथेच बसलेले, आणि वडिलांनी त्यांच्यासमोर पाटलांचं नाव सांगितलं. घरी येऊन ते जेवले, झोपले. मला अजून राग येतो तो त्या झोपेचा.

पाटील निवडून आले आणि त्यांनी वर्ग बंद केला. कृष्णाबाई भर सकाळी बैलगाडीत बसून गेल्या आणि एकही दार उघडलं नाही. आईने मला आत ओढून ठेवलं होतं. मी वाचनमालेच्या तिसऱ्या पुस्तकात होते. वडील म्हणाले, "लय झालं शिक्षन," आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लावून मोकळे झाले.

दौलतराव तिसऱ्यांदाही उभे राहिले, मुलींच्या वर्गासाठीच. बरोबर कोणी नव्हतं. त्यांना येताना पाहून लोक मुलींना परसात पाठवत. ते पडले, वाईट पडले. नंतर तापाचं निमित्त झालं आणि ते गेले.

मी तेव्हा माहेरी आले होते. त्यांच्याच खटपटीने उभ्या राहिलेल्या मुलांच्या शाळेत शोकसभा भरली. पुरुष आत, आम्ही बाया बाहेर भिंतीला लागून. काकी आमच्यातच उभी होती, तिलाही कोणी आत बोलावलं नाही. पाटील मेंबर बोलायला उठले. दौलतराव म्हणजे स्त्रीशिक्षणाचे कैवारी, असा माणूस तालुक्यात होणे नाही, म्हणाले. आवाज चांगला भरून आणला होता त्यांनी.

मी खिडकीशी गेले आणि विचारलं, "मंग वर्ग काहून बंद केला?"

पाटलांनी उपरण्याने तोंड पुसलं. वडील बाहेर आले, माझा दंड धरून म्हणाले, "घरी चाल." मी दंड सोडवून घेतला आणि काकीजवळ जाऊन उभी राहिले. आत कोणीतरी घाईघाईने दुखवट्याचा ठराव मांडला. तो सर्वानुमते मंजूर झाला. मुलींच्या वर्गाचा ठराव त्या सभेत कोणी मांडला नाही, आणि पुढे कितीतरी वर्षं मांडला नाही.