डावा खांदा पुढे!

सुमनजिजींवर घोर अन्याय झाला. कधी? आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी, त्यांचे नवे जावई संडासात असताना. आरोपी कोण? एरवी पत्रकात मी ‘व्यवस्था’ असं लिहून मोकळी होते. या वेळी व्यवस्थेचा काही संबंध नाही. मीच!

कळसाडीची काळी माती उन्हाळ्यात फाटते, आणि तिच्यासोबत आमचं घरही. जिजींच्या आणि आमच्या घरामध्ये जो बोळ आहे, त्या बाजूचा पाया खचला होता. पायात तिरकं भोक पाडायचं, नळी घालायची आणि सिमेंटची रबडी सोडून पोकळी भरायची, असा बेत होता.

“ताई, आज सण शे. उद्या येस ना,” म्हसावदचा मिस्तरी म्हणाला.

“सणाच्या नावाखाली या घराने अजून किती खचायचं?” मी गरजले. (शाळेच्या मराठीत. आवाज चढला की माझी अहिराणी पळून जाते.)

मिस्तरी आला. पण त्याचं पोट बोळात जाईना! घरात हडकुळी मी एकटीच. त्याने बोळाच्या पुढच्या तोंडाकडे बोट दाखवून शिकवलं, “आठून घुसानं, डावा खांदा पुढे. नाकसमोर जी भित, ती तुमनी. आत वळता येवाव नही, ध्यान ठेवा!”

मी ध्यान ठेवलं. पण बोळाच्या त्याच तोंडाशी, निंबाच्या झाडाला जिजींच्या पोरींनी झोका बांधलेला. “बाजूला व्हा!” तर त्या गौराईची गाणी अजून जोरात म्हणायला लागल्या. मग मी वळसा घालून मागच्या बाजूने घुसले. शिस्तीत. डावा खांदा पुढे!

माझे वडील, आप्पा, घरात भिंतीला कान लावून बसले होते. मी भोक पाडायचं मशीन सुरू केलं.

“आप्पा, आवाज येस का?”

“नही वं! आखो जोरमा!”

मी आणखी जोर लावला. तिकडे जिजींच्या फळीवरून पितळी डबे धडाधड पडले.

“भूकंप! भूकंप!” जिजी ओरडल्या.

“आप्पा, आते?”

“काहीच नही!”

“भित मजबूत शे!” बाहेरून मिस्तरी खूश.

भोक पडलं. मी नळी घातली, मिस्तरीने रबडी सोडली. एक गोणी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली!

“पाया तिसना व्हता बिचारा,” आप्पा पायाच्या तहानेने गहिवरले. “पेऊ दे, पेऊ दे!”

इतक्यात माझ्या नाकासमोरच्या भिंतीआडून पुरुषी किंकाळी आली. “सासूबाई! भांडं भरी ऱ्हायनं! खालून!”

आमच्या भिंतीआड पाहुणा कुठून आला? मी विचार करू लागले. मान वळत नव्हती, तरी डोक्यामागे ओळखीचा खोकला ऐकू आला. आप्पा! म्हणजे मागून घुसल्यामुळे आमचं घर माझ्या पाठीशी होतं.

“बंद करा! रबडी बंद करा!”

“काय?” मिस्तरी म्हणाला. “आखो सोडू?”

त्याने आखो सोडली.

जिजींचा संडास आता दगड झाला आहे. त्यांची पोरगी म्हणते, “आई, जवाईना पहिला सण, आनि त्यास्ले तांब्या लिसन फिरावतीस?” जिजी माझ्याशी बोलत नाहीत, फक्त जावयांना आमच्याकडे पाठवतात. सकाळी आमच्या संडासाबाहेर आधी जावई, मग जिजींचं घर, मग आप्पा, मग मिस्तरी (तो फोडकामाला येतो आणि सुरुवात आमच्याकडे करतो). अन्याय करणारीने रांगेत शेवटी उभं राहावं, हा ठराव एकमताने झाला. सूचक मीच होते.

तेव्हा वाचकहो, सहानुभूती नको, पाठिंबा नको. कळसाडीत ज्यांच्या घरी चालू संडास आहे, त्यांनी आत्ता, या क्षणी दाराची कडी काढा! मी निघाले आहे.