गायरान फोडणाऱ्याची मुलगी

काकूंच्या फ्रिजवर दिवाळीच्या फराळाची यादी लावली होती. कुठल्या घराने काय करून आणायचं त्याची. चिवड्यापुढे माझं नाव होतं. दोन आठवड्यांपूर्वी मीच ते लिहिलं होतं. आता तिथे व्हाइटनरचा जाड पट्टा, आणि वर दुसऱ्याच कुणाचं नाव. मी सगळ्यात खाली. पेपर प्लेट्स आणि नॅपकिन्स.

लंडनच्या कडेला, पिनरमधल्या त्या किचनमध्ये आम्ही सहा बायका होतो. मी यादी वाचतेय हे सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्या एकदम चहात साखर ढवळायला लागल्या.

"अगं, तुझा जॉब असतो, कशाला उगाच खटाटोप?" काकू म्हणाल्या. "तू आपली प्लेट्स आण."

जॉब सहाही जणींना होता.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. "मला स्वतःला काही नाही गं. पण सासूबाई आल्यात पुण्याहून. त्यांना या वयात कशाला दुखवायचं?"

मी म्हटलं, "चालेल."

मला अपमानापेक्षा ते "चालेल" जास्त लागलं. किती सहज निघालं तोंडातून. जणू वर्षानुवर्षांची सवय.

सवय होतीच. मी लंडनला आले ती वर्क व्हिसावर, सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामाला. हॅरोमध्ये एका घरात वरची खोली भाड्याने घेतली. ऑफिसात दिवसभर इंग्रजी आणि घरी कुणीच नाही. शनिवार-रविवार तोंडातून शब्द फुटायचा नाही. एकदा वेम्बलीत ईलिंग रोडवर मेथीची जुडी घेताना मागे कुणीतरी मराठीत बोललं आणि मी वेड्यासारखी वळले. त्या काकू. त्यांनी नाव विचारलं, मग आडनाव. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. पुण्यात शिकल्यामुळे बोलणं साफ. काकूंनी मनाशी ठरवून टाकलं की ही आपल्यातली. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

दोन वर्षं नाही केला. जन्मापासून जयभीम म्हणणारी मी, त्यांच्या गणपतीत टाळ्या वाजवून आरती म्हणायची. घरून आणलेली बुद्धाची छोटी मूर्ती सुटकेसमध्ये, स्वेटरांच्या खाली. साउथॉलकडे आपली माणसं जमतात असं ऐकलं होतं. गेले नाही. कुणी पाहिलं तर? एकटेपणा माणसाला फार खाली वाकवतो. मी वाकले. दुसऱ्या कुणी वाकवलं असं म्हणून मी सुटणार नाही.

काकूंच्या मराठी मंडळाची दर शनिवारी लहान मुलांची शाळा असे, हॅरोतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये. तिथे मी शिकवायचे. आठ-नऊ मुलं, सगळी इथेच जन्मलेली. आठवडाभर मी त्या दोन तासांची वाट बघायचे.

त्या ऑक्टोबरात लायब्ररीत काळ्या लोकांच्या इतिहासाचं एक टेबल मांडलं होतं. मी पावसातून आत शिरले आणि सहज एक पुस्तक उघडलं. फोटो होता. लाकडी घर, पुढे उभं कुटुंब, सगळे काळे, पुरुषाच्या हातात कुऱ्हाड. मला वाटलं, गुलाम. काळी माणसं आणि शेत म्हटलं की मला दुसऱ्याचा कापूस आणि चाबूकच आठवायचा. टेबलामागे एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या, स्वतः काळ्या. त्या म्हणाल्या, नाही, हे शेताचे मालक आहेत.

मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. अमेरिकेत गुलामी संपायच्या कितीतरी आधी सुटलेली ही माणसं. कुणी स्वतःला विकत घेऊन सोडवलेलं. ती उत्तरेकडच्या रानात गेली, जिथे अजून गोऱ्यांचीही धड वस्ती नव्हती. सरकारकडून रीतसर जमीन घेतली, दोघांच्या कवेत न मावणारी झाडं तोडली, बुंधे जाळले, मका पेरला. वस्ती उभी राहते न राहते तोच शाळा बांधली. आणि इतकं करून, आपण स्वतंत्र आहोत याचा कागद त्यांना कोर्टात नोंदवावा लागे, जवळ बाळगावा लागे. पिकं उभी राहिली तशी शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. काही ठिकाणी जमाव आले, घरं जळली. आज बऱ्याच वस्त्यांच्या जागी नुसती शेतं आहेत आणि मध्ये कुठेतरी थोडी थडगी. तो मुलूख पहिल्यांदा कुणी वसवला असं विचारलं तर यांचं नाव कुणी घेत नाही.

मी तिथेच रडले. त्या बाईंना वाटलं, मी फार हळवी आहे. त्यांना काय माहीत, मी माझ्या बापाला बघत होते.

माझा बाप गावाच्या गायरानात उतरला होता, आमच्या वस्तीतल्या चार घरांबरोबर. गायरान म्हणजे गुरांच्या चराईची पडीक जमीन. बाभळी तोडल्या, दगड वेचून बांध घातले, ज्वारी पेरली. कणसं भरली आणि गावाला एकाएकी गायींची आठवण झाली. गावाने उभं पीक पेटवलं, बापाला मारलं. सरकारी कागदावर आमचं नाव कधीच मालक म्हणून आलं नाही. आलं ते अतिक्रमण करणारे म्हणून.

पुढच्या शनिवारी वर्गात धडा होता शेतीचा. मी पुस्तक मिटलं आणि मुलांना त्या लाकडी घरांची गोष्ट सांगितली. एरवी घड्याळाकडे बघणारी पोरं खुर्च्या पुढे ओढून बसली. दहा वर्षांच्या अनयाने विचारलं, "ताई, तुझा बाबाचं शेत पण असा होता?"

दोन वर्षांत पहिल्यांदा मी खरं बोलले. "हो. गायरानात. आम्ही गावाबाहेर राहायचो."

मुलांनी वहीत लिहून घेतलं. गावाबाहेर. संध्याकाळी आयांनी वह्या पाहिल्या असणार. मराठी घरात त्या एका शब्दावर काम भागतं, पुढे जात विचारावी लागत नाही. नंतरच्या आठवड्यात यादीवर व्हाइटनर आला. "आणि मुलांना ते आफ्रिकाबिफ्रिका नको," काकूंनी निघताना सांगितलं, "श्लोक घे."

रविवारी सकाळी मी कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून बापाला फोन लावला. चिवड्याचं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ज्वारी जाळली, तुम्हाला मारलं, तरी दुसऱ्या वर्षी पुन्हा का पेरलं?

"पेरलं नसतं तर त्यांचंच खरं झालं असतं," तो म्हणाला.

तिकडे कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली. मी फोन ठेवला आणि पलंगावर बसले. त्या खोलीत मला तेव्हा वाटलं तेवढं एकटं कधीच वाटलं नव्हतं. आता काय करायचं ते कळलं होतं, आणि त्यानंतर दार वाजवणारं कुणी उरणार नाही हेही.

शनिवारी शाळा सुटताना हॉलच्या दारात आई-बाप मुलांचे कोट चढवत होते. काकूही होत्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.  

"काकू, प्लेट्स मी आणणार नाही. चिवड्यापुढचं माझं नाव का खोडलं, ते इथे सगळ्यांना सांगा."

काकूंचा चेहरा लाल झाला. "तू उगाच इश्यू करतेस. आपण इंग्लंडमध्ये आहोत."

"मी तेच समजून दोन वर्षं गप्प बसले. माझा बाप जन्माने महार. आम्ही बौद्ध आहोत. आता सासूबाईंना सांगा."

 एक जण गाडीची किल्ली शोधायला लागला. मला गाणी शिकवणारी, माझ्या तापात खिचडी घेऊन आलेली मैत्रीण बुटाची लेस बांधत राहिली. लेस केव्हाच बांधून झाली होती. सोमवारी ईमेल आला, शाळेला नव्या शिक्षिका मिळाल्या आहेत, आभार.

दिवाळी गेली. फोन वाजला नाही. ईलिंग रोडवर काकू एकदा दिसल्या, त्यांनी रस्ता ओलांडला. वाईट वाटलं. अजून वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मेलेल्यासारखं वाटत नाही. ते आधी वाटायचं.

लायब्ररीची छोटी खोली मी महिन्याच्या पहिल्या रविवारसाठी मागून घेतली आहे. बाहेर माझ्या नावाचा कागद लागलाय, मराठीत आणि इंग्रजीत: ज्यांनी रान फोडलं आणि ज्यांना हुसकावलं, त्यांचा इतिहास. तिकडच्यांचाही आणि आमच्यांचाही. वीस खुर्च्या मांडणार आहे. वीसही रिकाम्या राहिल्या तरी मी उभी राहून मोठ्याने सुरुवात करणार, बापाच्या नावापासून.