थोरल्या खेकड्याचा आवाज

हंबीरदादा म्हणजे आमच्या मंगळवार पेठेतला सगळ्यांत मोठा आवाज. हे मी कौतुकानं सांगत नाही, वैतागून सांगते. माझी मसाला कांडपाची गिरणी त्यांच्या दारासमोर. मिरची कुटायचा डंक धडधडत असला तरी ते घरात काय बोलतात ते मला इथं बसून कळायचं. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला भाव पुकारायचं काम माणसानं उभी हयात केलं. गुळाच्या रव्यांपाशी, म्हणजे ढेपांपाशी, एकदा उभे राहिले की पलीकडच्या गाळ्यातली माणसं आपलं बोलणं थांबवायची. मग काम सुटलं, पण आवाज कुठं सुटतोय? दूधवाल्याला हाक मारली तरी चार घरची माणसं दारात येत.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मागं एकच लेक, संयोगिता. तिला शिकवली, इंजिनिअर केली, पुण्यात दिली. सासरची माणसं मायाळू आहेत, उगाच नावं ठेवणार नाही. पण त्यांचं बोलणं असं, की ऐकतानासुद्धा आपण पदर नीट करून बसावं. तिच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला मी दादांबरोबर गेलते, झाली त्याला सात-आठ वर्षं. पंगतीत दादांनी आपल्या नेहमीच्या पट्टीत हाणलं, "पावणं, लाजताय काय, घ्या की आनि एक पोळी!" तिथली माणसं हसली. वाईट हसली नाहीत, पण हसली. संयोगिता त्यांना आत स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, "आबा, इथं जरा हळू बोला ना. आणि जरा नीट." रागानं नाही म्हणाली. मी तिथंच ताटं पुसत होते म्हणून मला ठाऊक.

घरी आल्यावर दादांनी काय खुळ काढलं म्हणता? रोज सकाळी गॅलरीत बसून पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचायचा. "सदर प्रश्नाबाबत शासनाने त्वरित निर्णय घेणे आवश्यक आहे." मी गिरणीतनं ओरडायची, "दादा, शासन हिकडं न्हाय, मिरच्या हायत!" ते हसायचे, पण वाचायचे थांबायचे नाहीत. संयोगिताचा फोन आला की हा बुलंद गडी बारीक आवाजात म्हणायचा, "हो बाळ. मी बरा आहे. जेवण झाले आहे." त्याच्या पुढं गाडी जायची नाही. अग्रलेखात लेकीशी काय बोलायचं ते थोडंच छापलेलं असतं?

आता सिनेमाचं सांगते. 'खोल पाण्यातली टोळी' म्हणून कार्टूनचा इंग्रजी सिनेमा मराठीत आलता. एक कासव, एक ऑक्टोपस, एक रागानं फुगणारा मासा आणि एक भांडकुदळ खेकडा, असे चौघं मिळून समुद्राच्या तळाशी उचापती करतात. पेठेतल्या पोरांनी त्या सिनेमानं आमचं डोकं खाल्लं होतं. त्याचा दुसरा भाग निघाला. त्यात म्हणे समुद्रातले सगळे दिवे विझतात, आणि ते पुन्हा कसे लावायचे हे ठाऊक असतं एकट्या थोरल्या खेकड्याला. तो भांडकुदळ खेकड्याचा बाप. खेकडा लहानपणी त्याच्याशी भांडून घर सोडून गेलेला. मग टोळी निघते त्याला शोधायला, पार तळाच्या दरीत.

मराठीत हा बाप अस्सल कोल्हापुरी बोलणार असं सिनेमावाल्यांनी ठरवलं. दादांच्या शेवटच्या सौद्याचा कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढलेला, तो फिरत फिरत मुंबईला पोचला. एक दाढीवाला तरुण डायरेक्टर हुडकत आमच्या गल्लीत आला आणि म्हणाला, "काका, हाच आवाज पाहिजे." आम्ही जैन माणसं, खेकड्याचं नावसुद्धा घरात निघत नाही, पण त्या दिवशी मी सगळ्या गल्लीला पेढे वाटले.

अमरसिंह म्हणजे आमच्या तालमीच्या मंडळाचा अध्यक्ष. बातमी कळली तशी त्यानं संध्याकाळच्या आत चौकात फ्लेक्स उभा केला. फेटा बांधलेले दादा, शेजारी लाल खेकडा, आणि खाली, 'कोल्हापूरचा बुलंद आवाज आता समुद्राच्या तळाशी. नादखुळा!' शुभेच्छुकांमध्ये पाळण्यातल्या पोरांचीही नावं. अजून रेकॉर्डिंग व्हायचं होतं बरं का. पण आमच्याकडं आधी फ्लेक्स लागतो, मग काम होतं.

रेकॉर्डिंगला मी आणि अमरसिंह दोघंही गेलतो. दादा फेटा बांधून, कोट घालून आलेले. स्टुडिओत काचेपलीकडं ते उभे, अलीकडं आम्ही. कागदावर लिहिलं होतं, कैक वर्षांनी दारात आलेल्या पोराला बाप म्हणतो, "आलास व्हय रं? आक्खा समुद्र पालथा घातलास, आनि आमास्नी इसरलास?" दादांनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, "आलास का रे? संपूर्ण समुद्र पालथा घातलास, आणि आम्हाला विसरलास?"

मी कपाळाला हात लावला. डायरेक्टर आधी हसला. म्हणाला, "काका, सौद्यात बोलता तसं बोला." दादा म्हणाले, "प्रयत्न करतो." परत तेच. चहा झाला, परत तेच. उलट दर खेपेला जास्तच शुद्ध. मी आत जाऊन कानाशी बोलले, "दादा, असं काय करताय खुळ्यागत? घरच्यागत बोला की." तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, "अंजना, माझी पोरगी बघनार हाय ह्यो शिनिमा. तिच्या सासूबाई बघनार. तितं हाय न्हाय करू व्हय? त्यांच्या घरात तिची मान खाली घालायला लावू?" हे सगळं मात्र फक्कड कोल्हापुरीत. डायरेक्टर बिचारा काचेपलीकडनं बघत होता, माइक बंद, त्याला काय ऐकू येतंय.

दसऱ्याच्या आधी दादा मिरच्यांची पिशवी घेऊन गिरणीत आले आणि काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. दादांचं बोलणं मला ऐकू आलं नाही असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी डंक बंद केला. "फोन आलता," ते म्हणाले, "माझा आवाज काढलाय त्यानी. मुंबैचा कोन नट घेतलाय."

"मग सांगून टाका सगळ्यांना. त्यात काय चोरी केलीय?"

"अमरसिंहनं आक्खं थेटर ठरवलंया. पोरीनं हापिसात सगळ्यांस्नी सांगितलंया. इहीनबाई मुद्दाम यायल्यात पुन्यासनं. कुठल्या तोंडानं सांगू?"

मी चिडले. म्हटलं, बाकीची पेठ गेली उडत, पण लेकीला आजच्या आज फोन करा. थेटरात बसल्यावर तिला कळलं तर तिच्या सासरच्यांसमोर तिची काय शोभा होईल? "व्हय, करतो," म्हणाले आणि मिरच्या तशाच टाकून गेले. संध्याकाळी गॅलरीतनं फोनवरचं ऐकू आलं, "हो बाळ. मी बरा आहे. या तुम्ही सर्वजण." मी हात चोळत बसले. मला कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातलेली, नाहीतर मीच लावला असता फोन.

सिनेमाच्या दिवशी थेटराच्या दारात हलगी. दादांना हार घातला. माणूस हारात असा उभा, जसा काय बाजारात विकायला आणलाय. संयोगिता आली, पाया पडली. तिच्या सासूबाई, म्हणजे दादांच्या विहीणबाई, हसऱ्या आहेत बाई फार. म्हणाल्या, "आज तुमचीच पार्टी आहे हं आमच्याकडून." दादा म्हणाले, "आपण आलात, फार आनंद झाला." मी त्यांना कोपरानं ढोसलं. अजून वेळ होता. ते माझ्याकडं बघेचनात.

सिनेमा बरा होता. टोळी त्या दरीत उतरते, अंधार होतो, फुगणारा मासा घाबरून फुगतो आणि दगडांत अडकतो. पोरं हसून लोळत होती. मग कपारीतनं थोरला खेकडा बाहेर आला. मिशा, पाठीवर शेवाळ. अमरसिंहच्या पोरांनी शिट्ट्यांची तयारी केलेली. खेकड्यानं तोंड उघडलं.

आवाज दुसऱ्याचाच. बोलणंही कसलं, दर शब्दाला आवं आणि रं चिकटवलेलं, मधेच उगाच "हाय की" घुसवलेलं, गळ्यात बेडूक अडकल्यागत. असं कोल्हापुरात कुणी बोलत नाही. आमच्या रांगा एकदम गार पडल्या. जन्मभर त्या आवाजाशेजारी राहिलेली माणसं आम्ही, पहिल्या शब्दाला ओळखलं सगळ्यांनी. एकेक मान दादांकडं वळली. दादांची मान हारात गेलेली. मला त्या क्षणी तिथनं उठून पळावंसं वाटलं, आणि मी तर काहीच केलं नव्हतं.

तेवढ्यात रांगेच्या टोकाला टाळ्या वाजल्या. संयोगिता. "आबा! आबाच!" असं सासूला सांगत होती, आनंदानं लाल झालेली. विहीणबाईही टाळ्या वाजवायला लागल्या.

तिला कळलं नाही. पोटच्या पोरीला बापाचा आवाज कळला नाही. कळणार तरी कसा? किती वर्षं झाली, तिच्याशी ते अग्रलेखातलंच बोलतायत.

अमरसिंह तसा गुंड माणूस, पण अक्कल आहे. त्यानं एकदा दादांकडं बघितलं आणि जोरात टाळ्या वाजवल्या. मग पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग सगळ्या पेठेनं त्या उपऱ्या आवाजाला टाळ्या दिल्या, दादांची अब्रू झाकायला. मीही वाजवल्या. वाजवताना इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

सिनेमा सुटल्यावर बाहेर गर्दी. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, किती गोड बोलता तुम्ही! आणि आमच्याकडे आलात की गप्प. आता एकदा म्हणाच ते. मुलगा दारात येतो तेव्हाचं." संयोगिताही म्हणाली, "म्हणा ना आबा."

दादांनी लेकीकडं बघितलं. आणि म्हणाले. जोरात नाही, हळूच, "आलास व्हय रं? आक्खा समुद्र पालथा घातलास, आनि आमास्नी इसरलास?"

हेच पाहिजे होतं त्या डायरेक्टरला, मेल्याला हेच तर पाहिजे होतं. हलगीवाला पोरगा वाजवायचा थांबला.

"छान," विहीणबाई म्हणाल्या, अगदी मनापासून. "पण पडद्यावर जास्त मजा आली बाई."

"येनारच," दादा म्हणाले. "त्यो दुसरा मानूस हाय."

अमरसिंह पुढं घुसला. "मशिनीतनं आवाज जरा बदलतो की काकू, तसं म्हनायचंय दादास्नी." दादांनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं सारलं.

"बदलत न्हाय. मला काढलाय. ठाव होतं मला, सांगायला तोंड न्हवतं."

संयोगिताचा चेहरा पडला. सासूकडं बघितलं तिनं, मग आमच्याकडं. आम्ही सगळी जमिनीकडं बघत होतो. "पण का काढला आबा? एवढं छान तर म्हणालात आत्ता."

"तितं शुद्ध बोललो गं. चुकायला नगो म्हनून. तुज्या मानसांत ऐकनार ना सगळी."

झालं, पोरीला सगळं कळलं. ती स्वयंपाकघरातली दुपार तिला आठवली असणार, कारण तिनं तोंडावर पदर घेतला आणि सासूसमोर, गर्दीसमोर रडायलाच लागली. "माझ्यामुळं," एवढंच बोलता आलं तिला. विहीणबाईंना काही कळेना, त्या नुसत्या तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या. मला वाटलं, बरं झालं, आता तरी बाप लेक मोकळी होतील.

पण लेक रडली तसे दादा घाबरले. हार सरळ केला, घसा साफ केला आणि म्हणाले, "असे रडू नये बाळ. काहीही झालेले नाही. कृपया वाईट वाटून घेऊ नये."

संयोगितानं वर बघितलं. "आबा, माझ्याशी नका की असं बोलू. तुमचं बोला. शिव्या द्या पाहिजे तर."

दादांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. सगळी पेठ वाट बघत होती. मीही मनात म्हणत होते, बोला दादा, काहीही बोला, गुळाचा भाव पुकारा.

शेवटी त्यांनी तिच्यापुढं हात जोडले, पावण्यांना जोडतात तसे.