तुरळक ठिकाणी

सकाळपासून शेजारच्या सुशीलाकाकू आमच्या गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया घालत होत्या. तीन दिवसांपूर्वी त्यांनी गहू भिजत घातले, तेव्हा मोबाईलवर कोरडं हवामान होतं. आज तिथेच लिहिलं होतं, ढगांचा पट्टा जागीच अडकला आहे, तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता. पण आंबलेला चीक कुणासाठी थांबत नाही.

मला संताप येतो तो पावसाचा नाही, या शक्यतेचा. पाऊस आला तरी ती खरी, नाही आला तरी खरीच! फाल्गुनातलं आभाळ लहरी असतं, मान्य. मग पहिल्याच दिवशी सरळ ‘आम्हाला सांगता येत नाही’ म्हणा की. तेवढ्यावरही काकूंनी गहू डब्यातच ठेवले असते.

दुपारी सर आली. आम्ही दोघींनी साडीची टोकं उचलेपर्यंत कुरडयांचा पुन्हा लगदा झाला होता.

ओल्या पदराने तोंड पुसत काकू म्हणाल्या, "माझंच चुकलं गं. आणखी आठ दिवस थांबायला हवं होतं."

संध्याकाळी बातम्यांत हवामान सांगणारे गृहस्थ हसतमुखाने म्हणाले, आमचा अंदाज तंतोतंत खरा ठरला.