गुरुवारचा बाप

आधी सासूबाईंचं सांगतो, बाकीचं मागून. नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या वेळी तळेगावात गेल्यावर त्या मला दारातच उभं करतील. खरं तर त्या आता माझ्या सासूबाई राहिलेल्याही नाहीत. त्यांची लेक आणि मी कायद्यानं वेगळे झालो आहोत. पण माझी मुलगी आठवड्यातून एकदा माझ्या गाडीवर बसून चिखलीच्या खोलीवर येते, ती या बाईंमुळं. मी घाबरट माणूस. पुढं लिहिता लिहिता काही भलतंच सांगून बसेन, म्हणून हे पहिल्यांदा लिहून टाकलं.

मी लातूरकडचा. आठवीत शाळा सोडली ती सोडलीच. चाकणला येऊन प्रेसवर लागलो, पत्र्याचे पार्ट दाबायला. समोरच्याच्या हातात पेन दिसलं की माझ्या तोंडून आधी ‘हो’ येतं आणि प्रश्न मागून कळतो. कोर्टातही तेच झालं.

तिथल्या समुपदेशक मॅडम चांगल्या होत्या. समजावून सांगत होत्या. मुलगी आईकडं राहील, दर महिन्याला वडील तिचा खर्च देतील आणि रविवारचा पूर्ण दिवस ती वडिलांकडं.

“चालेल?”

“हो मॅडम.”

“सावकाश विचार करून सांगा.”

“हो मॅडम.”

सह्या झाल्या. जिन्यावर आलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्या पट्ट्यात वीज गुरुवारी बंद ठेवायची जुनी पद्धत, त्यामुळं आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी. आमचा न्हावीसुद्धा गुरुवारीच गर्दीनं हैराण असतो. रविवारी मी प्रेसवर असतो! हे मी पोरीच्या आईला सांगितलं. ती एका पायरीवर थांबली. तिला तळवड्याच्या आयटी ऑफिसात शनिवार-रविवार सुट्टी, तिचं काही अडत नव्हतं.

“तुला फाशी चालेल का विचारलं असतं, तरी हो मॅडम म्हणाला असतास.”

“मग परत जाऊन सांगू?”

“सांग ना.”

मी वर पाहिलं. दारात शिपाई उभा होता. म्हटलं, “राहू दे. बघू.”

मग सुरू झाले माझे रविवार. एका रविवारी माझं पोट दुखलं. पुढच्या रविवारी गावाकडं चुलता वारला, त्याच्या पुढच्या रविवारी मावसा. सुपरवायझरनं मला सगळ्यांदेखत विचारलं, “काय राव, तुझे नातेवाईक रविवारीच कसे मरतात? एखाद्याला गुरुवारी मरायला सांग की, अंत्ययात्रेला आम्हीपण येऊ.”

बोलणं हसण्यावारी गेलं, पण पगार हसण्यावारी गेला नाही. खाडे पडले, ओव्हरटाइम बंद झाला. आणि त्याच पगारातून पोरीचा खर्च जायचा. म्हणजे रविवारी पोरगी भेटली तर तिच्या खर्चाला पैसे कमी पडणार, आणि खर्चासाठी कामावर गेलो तर पोरगी हातची जाणार. मला तर रात्रंदिवस वाटायचं की कोर्ट म्हणेल, हा बाप दोन्हीकडून नापास, काढून टाका याचं नाव.

कंपनीबाहेरच्या चहाच्या टपरीवर सगळेच वकील. फोर्कलिफ्ट चालवणारा एक जण म्हणाला, “भावा, पोरगी आठवड्यातला एक दिवस तुझ्याकडं जेवती ना? मग खर्चाचा सातवा हिस्सा काप. कायदाच हाय तसा.” कुठल्या कायद्यात, ते मी विचारलं नाही. तो फार ठामपणे बोलत होता.

त्या रविवारी संध्याकाळी पोरीला तळेगावला सोडायला गेलो आणि दारातच, मान खाली घालून, सातव्या हिश्श्याचं बोललो.

“काप की,” तिची आई म्हणाली. “तुझ्याकडं ती दोन पोळ्या खाते. येताना तुमच्या गल्लीतल्या शिव्या शिकून येते, त्या विसरायला लावायचा खर्च धरू का? आणि शाळेला जाऊन सांग, रविवारची फी सोडा म्हणावं, पोरगी बापाकडं असते.”

मी म्हणालो, “हो.”

आतून सासूबाईंची हाक आली. “पाव्हणं, चा घेऊन जावा.” तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी टेकलो. त्यांनी ताटातली नजर वर न करता विचारलं, “रविवारी तुमची कंपनी बंद असती व्हय?”

चहा बशीत सांडला. मग पोट, चुलता, मावसा, खाडे, सगळं बाहेर आलं. त्यांनी कपाळावर हात मारला. “आरं द्येवा! ह्या माणसाला कोर्टात एकट्याला सोडलं कुनी?”

पुढच्या खेपेला कोर्टात मॅडमकडं त्या आमच्यासोबत आल्या. नऊवारी नेसून, हातात पिशवी, आम्हा दोघांच्या मधल्या खुर्चीवर. मॅडमनी विचारलं, “आजी, आपण कोण?”

“मी पोरीच्या आईची आई.”

“म्हणजे आईच्या बाजूनं आलात.”

“न्हाई. मी गुरुवारच्या बाजूनं आले.”

मॅडमना हसू आवरेना. मग सगळं ऐकून त्यांनी शांतपणे सांगितलं. दोघं तयार असाल तर वार बदलता येतो, एकत्र अर्ज करा, न्यायाधीशांपुढं ठेवू. आणि खर्च म्हणजे भेटीचं तिकीट नव्हे. तो मुलीचा हक्क आहे. भेट चुकली म्हणून खर्च थांबवायचा नाही, आणि खर्चाला उशीर झाला म्हणून आईनं भेट अडवायची नाही. हिस्से कापणं तर नाहीच. “समजलं?”

“हो मॅडम.”

सासूबाईंचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. “काय समजलं ते सांगा की त्यांस्नी.”

 सांगितलं, अडखळत, पण सगळं सांगितलं. कोर्टात मी ‘हो’शिवाय बोललो तो पहिला दिवस.

मॅडम म्हणाल्या, गुरुवारी शाळा असते, म्हणजे तुम्हाला दुपारनंतरचेच तास मिळणार. त्याबदल्यात उन्हाळ्याची अर्धी सुट्टी तिला तुमच्याकडं ठेवता येईल. माझं काळीज सुपाएवढं झालं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “तुम्ही ड्युटीवर गेल्यावर मुलगी कुणापाशी?”

खोलीवर मी एकटा. गाव लांब.   हाता-तोंडाशी आलेली सुट्टी चालली होती.

“मी जाईन की ऱ्हायाला,” सासूबाई म्हणाल्या.

“आई!” त्यांची लेक ओरडलीच. “ताबा पोरीचा वाटायचाय, तुझा नाही!”

“मग मी काय तुझ्या ताब्यात हाय व्हय?”

अर्ज मंजूर झाला, आणि सुट्टीत सासूबाई आल्या, गाठोडं घेऊन. खोलीतली भांडी इकडची तिकडं केली, माझ्या कामाच्या कपड्यांना नाकं मुरडली, पोरीला आणि मला एकाच आवाजात जेवायला हाका मारल्या. शेजारणीनं विचारलं, “तुमच्या आई का?”

“मी ह्यांची सासू,” त्याच म्हणाल्या.

“आणि वहिनी?”

“ती न्हाई येत. आमचं आमचं बरं चाललंय.”

शेजारीण अजून त्याचा अर्थ लावते आहे.

हे उपकार कसे फेडायचे, मला कळत नाही. पैशाचं काढलं तर पिशवी उचलून चालू लागतील. माझी आई गावाकडं अजून फुगून बसली आहे. ते घर तुटलं, आता त्यांच्याशी काय संबंध, म्हणते. तर मी ठरवलं आहे. एक दिवस सासूबाईंना लातूरच्या गाडीत खिडकीशी बसवून आमच्या गावी नेणार. आईला त्यांच्यासाठी पाट मांडायला लावणार, आणि विहिणीची करतात तशी साडीचोळी करायला लावणार. आईला तोंडावर हे सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. पण नेणार, हे नक्की.