भिंतीमागची सुट्टी

ही माझी सख्खी धाकटी बहीण. घरात बारकी, दवाखान्यात मॅडम. लोकांची सिगारेट सोडवते. आमच्या अख्ख्या खानदानात असं डोक्याचं काम कुणी केलं नाही. आणि तिला बोट धरून शाळेत मी नेत होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

दिवसभर बोलून तिच्या घशाला कोरड पडते. जिन्याखालची खोली, दोन खुर्च्या, कण्हत फिरणारा पंखा. त्या दिवशी शेवटी लेथवाला आला, वर्कशॉपात लेथ मशीन चालवणारा. त्याच्या पायाची रक्तवाहिनी आकसलेली, अंगठा काळा पडत चाललेला. सर्जननं तोंडावर सांगितलं होतं, सिगारेट सुटली नाही तर पाय जाईल. त्यानं सोडलीही होती. आणि आज खिशात परत पाकीट.

बारकीला वाटलं, टेबलावर डोकं टेकवावं आणि झोपून जावं. पण ओरडली नाही. ओरडून कुणाची सुटत नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

"परत सुरू केलीत, त्यातली पहिली कुठे ओढलीत, भाऊ?"

"वर्कशॉपमागं. भिंतीपाशी."

"तिथे काय असतं?"

"काय असणार, भिंत!" मग म्हणाला, "वारा असतो. मेहुणा असतो, टिंगल करायला. मी सोडली म्हटल्यावर फोरमन म्हणाला, 'मग बाहेर कशाला जातोस? मशीन चालव.' ओढणाऱ्याला सुट्टी आणि सोडणाऱ्याला शिक्षा! परवा परत पेटवली, तेव्हा कुठे बाहेर सोडलं."

थकलेली बारकी हसली. "म्हणजे तुम्हाला ओढ भिंतीचीच जास्त. मग भिंत सोडू नका. धुरापासून लांबच्या टोकाला उभे राहा, मेहुण्यालाही बरोबर घ्या, पण सिगारेट न पेटवता. हाताला काहीतरी चाळा द्या. तलब आली की मला फोन करा, बोलायला काही नसलं तरी. ती थोड्या वेळात ओसरते."

पाकीट टेबलावर ठेवून तो लंगडत गेला. मग तिनं फोरमनला फोन लावला.

"मॅडम, नुसती हवा खायला सुट्टी देऊ?"

"धूर खायला देताच की!"

"बघतो," म्हणून त्यानं फोन आपटला.

घरी ती घास हातात धरूनच पेंगायला लागली. मी म्हटलं, "त्या फोरमनला सरळ करून येऊ का? माझ्यापुढे कुणाची टाप नाही."

"दादा, तू भात वाढ." मग हळूच म्हणाली, "त्याचा पाय गेला तर रे..."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या सुट्टीला तिचा फोन वाजला. पलीकडे वारा घोंगावत होता.

"मॅडम, भिंतीपाशी उभा आहे."

"हातात काय?"

"खडू. मेहुणा म्हणतो, आता मास्तर झालास."

"आणि फोरमन?"

"दारात उभा राहून ओढतोय. म्हणतो, माझी संपेपर्यंतच तुझी सुट्टी." आवाज बारीक झाला. "मॅडम, लई तलब आलीय."

"मग ठेवू नका फोन."

दाराशी पुढचा माणूस खोकत उभा होता. बारकीनं त्याला हातानंच थांबवलं आणि खुर्चीला मान टेकून, डोळे मिटून, ती पलीकडचा वारा ऐकत राहिली.